अठरावं नाव

१२ ऑक्टोबर, रविवार

गुडघा दुखतोय. आशूचा न्हवं, माझा. तिचा बरा झाला. तिच्या गुडघ्याला बंगळूरचा डॉक्टर, बर्फाची पिशवी, पट्टा, रोज फोन. माझ्या गुडघ्याला त्याल.

आज वर्गाला सुट्टी. तरी चार पोरी आल्याच. गोठ्यात दावणीजवळ बसून गणितं करत होत्या. म्हशीनं एकीच्या वहीचं पान वढून खाल्लं. आशू म्हणाली, परत लिही. पोरगी म्हणाली, "ताई, म्हशीनं खाल्लंय, मी न्हाई." तरी लिहायला लावलंच. नात माझी हाय, पण काळीज पोलिसाचं.

१४ ऑक्टो., मंगळवार

ही वही आशूनं दिली. वर्गात बसणाऱ्या प्रत्येकानं रोज अर्धं पान लिहायचं म्हणे, तू पण. मी म्हटलं, मी कुठं वर्गात येती, वर्ग माझ्या गोठ्यात आलाय. ऐकत न्हाई. मी आटपाडीला चौथीपातूर शिकले. मग शाळा सुटली आणि पाण्याच्या खेपा लागल्या. कुणी रडलं न्हाई, मी पण न्हाई. आता सत्तरीत शुद्धलेखन.

आशू माझ्या फौजी लेकाची थोरली. सांगलीला विश्रामबागेत कॉलेजात घातली, हॉस्टेलच्या पोरींत बॉल खेळायला लागली आणि आता बंगळूरच्या क्लबाकडनं खेळती. पगारी. गावाला अजून पटत न्हाई. बाईमाणसाला बॉलला लाथ मारायचा पगार! परवा देवळापुढं एकजण म्हणाला, "आक्का, नोकरी काय करती वो नात?" म्हटलं, "अडवती." "काय अडवती?" "बॉल." तो उठून गेला.

उन्हाळ्यात गुडघा मोडून घरी आली. गप बसंल तर शप्पथ. गावातल्या, वाड्यावस्त्यांवरच्या पोरी गोळा केल्या. शाळा सुटली की आधी तासभर अभ्यास, मग अंधार पडोस्तवर बॉल. वही कोरी असंल तिला बॉल न्हाई. एकतीस पोरी झाल्या. एकतीस पोरी आणि एक म्हस, एका गोठ्यात.

१९ ऑक्टो.

फराळाचं केलं. चकल्या तुटल्या. हात चालत न्हाईत आता. लिहायचं काय न्हाई.

२३ ऑक्टो., भाऊबीज

बापू आला. दूध सोसायटीचा चेअरमन. रक्ताचा भाऊ न्हाई. त्याला सख्खी बहीण न्हाई, आणि मला आटपाडीहून पाटणच्या ह्या डोंगरात यायला भाऊ उरला न्हाई. लग्न हून आले त्या साली त्याच्या आईनंच सांगितलं, ह्याला ओवाळ. तवापास्नं ओवाळती. कवा लुगडं, कवा भांडं, एकदा कोंबडी.

ह्या साली ताटात किल्ली टाकली.

"ही कशाची रं?"

"जुन्या दूध खोलीची. तुझ्या नातीच्या शाळंला. पोरींनी म्हशीत कशाला बसायचं, आक्का?"

आशू पळत आली, त्याच्या पाया पडली. जूनपास्नं तिनं खोलीसाठी तीन अर्ज दिलेले. अर्जानं झालं न्हाई ते ओवाळणीनं झालं.

तो गेल्यावर सुमन, म्हंजी आशूची आई, म्हणाली, "आत्या, चेअरमन फुकट कोंबडी पण देत न्हाईत."

"दिलती की एकदा."

"ती आजारी होती."

२७ ऑक्टो., सोमवार

खोली धुतली. आंबट दुधाचा वास जात न्हाई. पोरी नाकाला रुमाल लावून बसल्या. म्हटलं, गोठ्यात नाक न्हवतं व्हय गं?

आशूनं हजेरीची वही आणली. आली तर ह, न्हाई आली तर ग. वही माझ्याकडं दिली. रविवारी ती बंगळूरला जाणार, क्लबाचं शिबिर चालू व्हतंय. म्हणाली, "आज्जी, मी नसताना ह्याच वहीवर सगळं. कुठल्या मॅचला कोण जाणार ते हजेरीवर ठरणार. खेळ येतो का न्हाई ते नंतर."

मी म्हटलं, असल्या वह्या लय बघितल्यात. एकीत तर मुंबईला गेलेली पोरं पण रोज खिचडी खाऊन गेल्याली.

ती हसली न्हाई.

२ नोव्हें., रविवार

गेली. सकाळच्या गाडीनं. कऱ्हाडपातूर सुमन गेली सोडायला. घर एकदम मोकळं वाटतंय, म्हंजी बरंच वाटतंय. आंघोळीचं पाणी शिल्लक राहिलं.

५ नोव्हें., बुधवार

फोनवरनं शिकवती. फोन दुधाच्या रिकाम्या कॅनला टेकवून ठेवायचा. तिचा सराव संपलेला असतो, केस ओलं, गुडघ्यावर बर्फ आणि इकडं आमाला अपूर्णांक. मागनं कुणीतरी इंग्रजीत हाका मारतं. ती "दोन मिनिटं" म्हणती आणि अर्धा तास शिकवती. दमलेली दिसती. मी तसं म्हटलं तर म्हणती, "नेटवर्क खराब हाय, म्हणून तसं दिसतंय."

बॉल बारावी झालेली रूपाली घेती. मी कडंला बसून हजेरी भरती आणि शिव्या देती. दोन्ही कामं जमत्यात.

८ नोव्हें., शनिवार

काजल चार दिवस आली न्हाई. ग, ग, ग, ग. आज आली. वरच्या धनगरवाड्यावरची. डोंगर उतरून यायला दीड तास, चढून जायला दोन. शेळ्या व्यायल्या म्हणून राहिली म्हणे. खेळात दगड हाय पोरगी. बॉल आला की डोळं मिटती. पण वही उघडली की मान वर न्हाई. दहावीत हाय. आज सगळ्यांच्या आधी गणित सुटलं तिचं. आशू फोनमधनं वरडली, "काजल, पायानं पण असंच कर की गं!" सगळ्या हसल्या, काजल पण.

१० नोव्हें., सोमवार

खोलीत घोणस निघाली. कॅनमागं वेटोळं घालून. पोरी किंचाळत बाहेर. मी दाराला कडी घातली. सर्पमित्राला फोन केला, तो म्हणतो पाटणला कामात हाय, येतो. वर्ग बंद.

११ नोव्हें., मंगळवार

तो आला न्हाई. घोणस आतच. वर्ग बंदच.

काजल काल आली न्हवती, वाडीवर फोन लागत न्हाई, तिला कळलंच न्हाई. आली बिचारी उतरून. आज बरोबर बाप बिरू. मी दोघांना च्या दिला. बिरू मोजकं बोलतो. म्हणाला, "आक्का, पोरीच्या पायातली चप्पल तीनदा शिवली. रोज डोंगर उतरती, रोज चढती. ह्यातनं काय निघतं ते मला दावा. शिक्क्याचा एक कागुद दावा. मग अकरावीला पाटणला धाडतो. न्हाईतर दहावी झाली की पोरगा बघतो, माझ्या भनीनं ठिवलाय बघून."

काजल च्यात बघत होती.

म्हटलं, "बिरू, कागद काय झाडाला लागतो व्हय?" तो म्हणाला, "म्हनून तर इचारतोय." आडमुठा न्हाई माणूस. त्याच्या जागी त्याचं खरं.

१३ नोव्हें., गुरुवार

घोणस धरून नेली. उद्या वर्ग. तीन पोरींच्या आया म्हणत्यात, आता न्हाई पाठवणार. म्हटलं, साप गेला, तुमी राहिलात.

१४ नोव्हें., शुक्रवार

हायस्कूलचे खेळाचे सर पळत आले. जिल्ह्यात मुलींचा दुसरा संघच आला न्हाई. हायस्कूलचा संघ म्हंजी आपल्याच पोरी, न खेळता जिंकल्या! आता विभागाच्या मॅची, सांगलीला, पुढच्या महिन्यात, विश्रामबागेत. आशूच्याच जुन्या मैदानावर. अठरा नावं द्यायची. खेळंल तिला पण आणि बाहेर बसंल तिला पण शिक्क्याचं प्रमाणपत्र. दहावीला वाढीव मार्क.

आशूला सांगितलं. फोनवर म्हणाली, "आज्जी, हजेरीप्रमाणं अठरा." नियम तिनंच केलाय. मोजून बघितलं. वयात बसणाऱ्या पोरींत काजल बरोबर अठरावी.

काजलला सांगितलं. "बाहेरच बसायचं ना आज्जी? मग मला जमंल," म्हणाली.

१७ नोव्हें., सोमवार

आज लिहू नये असं वाटतंय. पण रोज अर्धं पान.

बापू आला. वर्ग चालू होता. खुर्ची वढून माझ्याशेजारी बसला, पोरींचं कौतुक केलं, सर्वांना राजगिऱ्याचं लाडू वाटलं. मग हळूच, "आक्का, आमच्या श्रेयाचं नाव घाल की वहीत."

श्रेया त्याची नात. नाव आपल्या हायस्कुलात, राहाती साताऱ्याला, क्लासला. वर्गात दोनदा आलीय, दोन्ही वेळा गाडीतनं.

म्हटलं, "ती येत न्हाई बापू."

"येती की. दोनदा आली. दिवाळीत सगळी सुट्टी हिकडंच हुती. तिचं दहावीचं वरीस हाय, चार मार्क मिळालं तर कुणाचं काय जातंय? अठरावी पोरगी तशी बी बाहेरच बसणार."

मग तो खोलीच्या छताकडं बघत म्हणाला, "पत्रं बदलाय पायजेत. सोसायटीत बोलतो. काहीजण म्हणत्यात खोली भाड्यानं द्या. मी म्हटलं, आक्काला ओवाळणीत दिलीया, परत कशी घेऊ?"

मग म्हणाला, "भावानं कवा काय मागितलंय का तुझ्याकडं?"

न्हाई मागितलं. खरंच न्हाई. नवरा गेला तवा माझ्या दारात पहिला तोच उभा होता. लेक सीमेवर होता, तिरडी बापूनं बांधली. हे पण लिहायला पायजे, न्हाईतर वाचणाऱ्याला वाटंल तो वाईट.

लिहिलं. खोली उघडली त्या दिवसापास्नं आजपातूर एका वळीनं ह ह ह ह. हात भराभर चालला. कोण बघतंय वह्या? सह्याच करत्यात लोक.

त्याला म्हटलं, पत्र्याचं बघ. तो म्हणाला, बघतो.

२१ नोव्हें., शुक्रवार

सरांनी यादी केली. वहीवरनं. आशूला फोनवर पाठवली, तिनं कोच म्हणून तिकडनं सही करून पाठवली. श्रेया पहिल्या नंबराला. काजल एकोणिसावी.

सर म्हणाले, "आज्जी, श्रेयाची हजेरी सगळ्यात जास्त दिसती, मला म्हाईतच न्हवतं." मी म्हटलं, "हं."

यादी भिंतीला लावली. काजलनं वाचली. परत वाचली. मग बॉल घेऊन मैदानात गेली. आज पहिल्यांदा बॉल आला तवा डोळं मिटलं न्हाईत तिनं. बॉल नाकावर बसला. रडली. नाकामुळं रडली असंल.

२३ नोव्हें., रविवार

अंग दुखतंय. झोपून राहिले. सुमननं विचारलं, काय झालं. म्हटलं, म्हातारपण झालं.

मनात हिशेब करती. काजल खेळणार न्हवतीच. एक फेरी सांगलीची चुकली. खोली राहिली तर एकतीस पोरींचा वर्ग राहतो. एकतीस मोठं का एक? हे मी स्वतःला सकाळपास्नं सांगतीय. खरं असतं तर एकदा सांगून भागलं असतं.

२७ नोव्हें., गुरुवार

काजल सोमवारपास्नं येत न्हाई. ग. वाडीवरचा दूधवाला म्हणाला, बिरू पावण्यांकडं जाऊन आला. पोरगा बघायला. म्हणतो, कागुद तर न्हाईच, आता चप्पल तरी वाचंल.

पत्र्याचं काय झालं न्हाई अजून.

२९ नोव्हें., शनिवार

आशूनं फोनवर विचारलं, काजल कुठाय? आठवडाभर दिसत न्हाई. मी म्हटलं, शेळ्या. ती म्हणाली, शेळ्या किती वेळा वितात, आज्जी? मग म्हणाली, वही दाखव, फोनसमोर धर.

धरली. म्हटलं धरून तरी बघू, तिकडं नीट दिसत नसंल. दिसलं.

"आज्जी, श्रेया नऊ तारखेला हजर हाय."

"असंल."

"नऊला रविवार होता."

मी वही जरा लांब धरली.

"दहा, अकरा, बारा, तेरा. खोलीत घोणस होती. वर्ग बंद. श्रेया एकटीच हजर? सापासंगं अभ्यास करत होती?"

चौकोन दिसंल तिथं ह भरलेला मी. बंद दिवस बघितलेच न्हाईत. बाकीच्या सगळ्यांच्या रकान्यात त्या दिवशी रेघ, हिच्यात ह. आंधळ्याला पण दिसंल. खोटं लिहायला पण शिकाय लागतं, चौथी पुरत न्हाई.

आशू वरडली न्हाई. वरडली असती तर बरं. म्हणाली, "तुझ्या वहीवर मी डोळं झाकून सही केली." आणि फोन ठेवला. आज अपूर्णांक झाले न्हाईत.

१ डिसें., सोमवार

आली. रात्रभर बसून आली, दोन दिवसांची रजा. सुमन म्हणाली, क्लबाचा कोच म्हणालाय, आत्ता गेलीस तर पहिल्या मॅचला बाहेर बसशील. पाच महिने गुडघा चोळला त्या मॅचसाठी.

मी तिला जेवायला वाढलं. माफी मागितली न्हाई. तिनं पण मागायला लावली न्हाई. दोन भाकरी खाल्ल्या. मग म्हणाली, "का?"

सगळं सांगितलं. किल्ली, पत्रं, तिरडी. एकतीस आणि एक.

ती म्हणाली, "आज्जी, त्यांना मी शिकवून शिकवून काय शिकवती? बॉल? बॉल काय, निम्म्या पोरी लग्नानंतर बॉलकडं बघणार पण न्हाईत. एवढंच शिकवती की आलीस तर तुझं नाव लागतं. कुणाची का असंना, आलीस तर लागतं. तेवढंच हाय माझ्याकडं."

दिवसभर डोंगर चढून धनगरवाड्यावर जाऊन आली. गुडघ्याला पट्टा बांधून. बिरू म्हणाला, कागुद आला तर बघू, पावण्यांना शब्द दिला न्हाई अजून. सांगलीच्या मॅचीपातूर थांबतो. त्याच्यापुढं न्हाई.

२ डिसें., मंगळवार

सरांकडं गेलो दोघी. सर डोकं धरून बसले. यादी वर गेली, ऑनलाइन बंद झालं. आता दुरुस्तीचा अर्ज द्यायचा, आणि ज्यानं हजेरी भरली त्यानं स्वतःच्या हातानं लिहून द्यायचं की चुकीची भरली. सर म्हणाले, "चुकून भरली असं लिहा आज्जी. सोपं पडंल." आशू खिडकीबाहेर बघत होती. मला काय लिहायचं ते सांगितलं न्हाई.

मी लिहिलं, "मी खोटी भरली. पोरगी येत न्हवती. चेअरमन आमचा भाऊ हाय म्हणून भरली. नात बंगळूरला होती, तिला म्हाईत न्हाई." खाली नाव. सरांनी 'चेअरमन' खोडा म्हटलं. खोडलं. भाऊ ठेवला.

तिथनं एकटी बापूच्या घरी. किल्ली त्याच्यापुढं ठेवली. त्याला सगळं सांगितलं. तो सुपारी कातरत बसला.

"आक्का, ओवाळणी परत घेत्यात व्हय कुठं? पाप लागतं."

"मग ठेवू माझ्याकडं?"

"तुझीच हाय."

"आणि नाव?"

"नाव तू घातलंस, तूच काढलंस. मी कुठं काय लिव्हलं?"

खरंच की. त्यानं काय लिहिलं न्हाई. त्याची बायको च्या घेऊन आली, माझ्याकडं न बघता ठेवला. मी प्याले. पिऊनच उठले, न पिता उठलं तर कायमचं तुटतं.

आशू संध्याकाळच्या गाडीनं गेली. ह्या बारीला पाया पडली. मी म्हटलं, जप. कशाला, ते सांगितलं न्हाई.

५ डिसें., शुक्रवार

दूध खोलीला दुसरं कुलूप. माझं आतलं कुलूप तसंच, वरनं सोसायटीचं. ओवाळणी परत घेतली न्हाई, नुसतं दार घेतलं. माझी किल्ली माझ्याकडंच, लावून बघा म्हणावं.

वर्ग मैदानाच्या कडंला, उन्हात. फोनमध्ये उजेडानं आशू दिसत न्हाई, नुसता आवाज. एकतीसातल्या बावीस आल्या. तीन बायकांनी मला दारावरनं जाताना बघून तोंड फिरवलं. बापूच्या घराशी त्यांची सोयरीक. सुमन म्हणाली, "आत्या, तुमाला कशाला एवढं?" म्हटलं, मलाच म्हाईत न्हाई.

काजल आली. ह.

९ डिसें., मंगळवार

सरांना वरनं उत्तर न्हाई. अर्ज पोचला एवढंच म्हणत्यात.

वर्गाच्या वेळी श्रेया आली, साताऱ्याहून बापूकडं आलीवती. एकटी, चालत. गाडी न्हाई. म्हणाली, "आज्जी, मला म्हाईत न्हवतं. आजोबांनी सांगितलं नाव लागलंय, मी म्हटलं बरं." मग म्हणाली, "पण मला मार्क पण पायजेत. माझं गणित कच्चं हाय." खरं बोलली, आवडलं. म्हटलं, "गणित कच्चं हाय तर वर्गात ये. मार्क कशाला पायजेत?"

"साताऱ्याचा क्लास..."

"मग साताऱ्याच्या क्लासनं द्यावंत."

पोरगी उठली न्हाई. काजलशेजारी बसून वहीत बघत राहिली. घरी सांगून आलीस का, मी विचारलं न्हाई.

११ डिसें., गुरुवार

वरनं उत्तर न्हाईच. सर म्हणाले, दोघींनाही गाडीत घालू. तिथं टेबलावर काय ठरंल ते ठरंल. बापूनं श्रेयाला पाठवायला हरकत घेतली न्हाई. का घेईल? यादीत नाव तिचंच हाय.

पोरींसंगं बाईमाणूस पायजे म्हणून मला नेणार. सुमन जाती म्हणत होती, मी म्हटलं, वही मी भरली, मी जाती. बस लागती मला. उलटी होती. जाऊ दे.

आशूची मॅच परवाच, बंगळूरला. कोचनं बाहेर बसवलंय. तिनं सांगितलं न्हाई, रूपालीनं फोनवर कुठंतरी यादी बघितली. अकरात न्हाई, बाहेरच्यांत.

१३ डिसें., शनिवार. सांगली

मैदानाकडंला बसून लिहितीय. दोनदा उलटी झाली, कऱ्हाडच्या अलीकडं आणि पलीकडं. पोरी गाणी म्हणत होत्या, थांबल्या न्हाईत.

विश्रामबागेचं मैदान मोठं हाय. गवत आमच्या म्हशीनं बघितलं तर परत यायची न्हाई. पोरी बूट घालून पळत्यात. आमच्या सतराजणींनी शर्ट घातलेत, मागं नंबर.

टेबलावर स्पर्धेचे एक साहेब. सरांनी अर्जाची प्रत दिली, वही दिली. साहेबांनी यादीवरनं बोट फिरवलं. मग वही उघडली. रविवारच्या रकान्यावर थांबले. घोणशीच्या रकान्यावर थांबले.

"ही वही कुणी भरली?"

म्हटलं, मी.

"आणि हे पत्र?"

"ते पण मीच."

"आज्जी, ह्यातलं खरं कुठलं धरायचं? दोन्ही अक्षरं तुमचीच."

म्हटलं, "साहेब, जे लिहिताना हात दुखला ते धरा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. हसले न्हाईत. म्हणाले, यादी बदलायचा अधिकार मला न्हाई, वर विचारतो. सतरा घेऊनच उतरा असं पण सांगतील, यादीत हाय तीच असं पण सांगतील. फोन घेऊन मंडपाच्या मागं गेले. पंधरा मिनिटं झाली. त्यांची खुर्ची मोकळी हाय, सर टेबलापाशी उभं.

बिरू आलाय. सांगितलं न्हवतं कुणी, पहाटं आमच्याच गाडीत मागं बसलावता, मला उतरताना दिसला. आला तसा कडंला उकिडवा बसलाय.

काजल माझ्या डाव्या हाताला, श्रेया उजव्या हाताला. दोघींनी बूट घातलेत. श्रेयानं तिला नाडी कशी बांधायची ते दाखवलं, आता दोघी मैदानाकडं बघत्यात. अठरावा शर्ट माझ्या मांडीवर हाय. घडी मोडली न्हाई.

साहेब आले.